देव बोलायचा दुपारी एक ते दोन

त्या मालिकेतला देव मी होतो. हे मी आजवर माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

सावटाचा, म्हणजे त्यातल्या भुताचा, आवाज माझा होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बदलापूरला एका लग्नात तर नवरीच्या मामानं माईक हातात देऊन सावटाची दोन वाक्यं बोलायला लावली होती, आणि पंगतीतली पोरं जिलबी टाकून आयांकडे पळाली होती. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. पण देवाचं मी कुणालाच बोललो नाही. एक तर वाहिनीच्या करारात लिहिलं होतं की हा आवाज कुणाचा ते बाहेर सांगायचं नाही. आणि दुसरं कारण आमचं घर.

आम्ही उल्हासनगर कॅम्प पाचचे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धाची तसबीर, बाकी देव नाही, नवस नाही, अंगारा नाही. वडील अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात फिटर होते. मी डबिंगमध्ये भुतांचे आवाज काढतो हे कळल्यावर ते म्हणाले होते, "भूतबित काही नसतं हे सांगून आमची तोंडं दुखली, आणि तू त्याच भुताचं खातोयस." आईनं मधे पडून विचारलं, "भुताचंच ना? देवाचं तर नाही करत?" मी नाही म्हणालो. तेव्हा ते खरं होतं. मग आई म्हणाली, "भुताचं चालेल. ती काय, नोकरी आहे."

संपादकांनी मला या दिवाळी अंकासाठी डबिंगच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलं. त्या आहेत भरपूर. पण लिहायला बसलो की ही एकच गोष्ट पुढे येते, म्हणून तीच लिहितो. आधी कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

आवाजाच्या कामाला आवाज सगळ्यात शेवटी लागतो. आधी लागतो सुती सदरा, कारण टेरिकॉट सळसळतं आणि माईक ते पकडतो. घड्याळ काढून ठेवायचं. दही, ताक बंद. उपाशीपोटी उभं राहायचं नाही, पोटातली गुरगुर सावटाच्या संवादात मिसळते आणि दिग्दर्शकाला वाटतं तुम्ही मुद्दाम केलं. सावटाचं बोलणं मी श्वास आत ओढता ओढता करायचो. माणूस श्वास सोडताना बोलतो. उलटं केलं की ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते कळत नाही, पण अंगावर काटा येतो. दोन वाक्यं झाली की घसा काथ्यानं घासल्यासारखा व्हायचा. मग कोमट पाणी, मग पुढची दोन.

हे सगळं व्हायचं हरेशच्या स्टुडिओत. हरेश म्हणजे माझा शाळेपासूनचा सिंधी मित्र, आमचा रेकॉर्डिस्ट. लॉकडाऊननंतर मुंबईच्या लोकांना कळलं की आवाज कुठूनही पाठवता येतो. तेव्हा हरेशनं कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या कारखान्याखालचा गाळा घेतला. भिंतींना लावायचा फोम महाग, म्हणून वरच्या कारखान्यातली जीन्सची कात्रणं पोत्यांत ठासून भिंतीभर शिवून घेतली. त्याच्याइतका शांत गाळा अख्ख्या कॅम्पात नव्हता, फक्त वर शिलाई मशिनी चालू झाल्या की छत थरथरायचं. मशिनी बंद व्हायच्या जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन. सावटाच्या घरघरीत मशिनी खपून जायच्या. देवाला मात्र पूर्ण शांतता हवी. त्यामुळे आमचा देव जे काही बोलला ते दुपारी एक ते दोनमध्येच. हरेश म्हणायचा, "साईं, इनका भगवान अपने जीन्स के गोदाम में बैठा है, कोणाला सांगू नको."

ती मालिका तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, म्हणून नाव लिहीत नाही. एक गाव, एक पडीक गाभारा, त्यात राहणारं सावट आणि देवळातला गुरव. गुरवाची मुलगी विहिरीत गेलेली. तेव्हापासून तो रोज पूजा करतो, पण समोर कुणी आहे यावर त्याचा विश्वास उरलेला नाही. सावट त्याला रोज विचारतं, "कुणासाठी लावतोस दिवा?" आणि देव काहीच बोलत नाही. मला मालिकेतलं हेच आवडायचं. मग कुणाला तरी वाटलं की आता देवानं बोलावं. त्यासाठी ठरवलेला मोठा नट ऐन वेळी आला नाही. दिग्दर्शकानं मला फोनवर विचारलं, "मिलिंद, तूच करतोस का?"

देवाच्या आवाजाला यंत्रानं घुमारा द्यायचा नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उघडा घसा, माईकपासून तोंड चार बोटं लांब. सावटामागे लपता येतं, देवामागे लपायला जागा नव्हती. पहिलं वाक्य असं होतं: "औषधं राहू दे आता. मी आहे." गुरवाला सावटाची बाधा झालेली, वैद्याच्या काढ्यानं गुण येत नाही, आणि हताश बसलेल्या त्याला पहिल्यांदा देव ऐकू येतो.

मी सात-आठ वेळा बोललो. दिग्दर्शक फोनवरून ऐकत होता. म्हणाला, "आज्ञा नको रे. माया पाहिजे. घरातलं कुणी बोलल्यासारखं."

तेव्हा मला मालतीकाकू आठवल्या.

माझे वडील ज्यांच्या हाताखाली होते ते मोकाशी साहेब अंबरनाथ पूर्वेला राहायचे. मालतीकाकू त्यांच्या पत्नी. मी अकरावीत असताना साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला वडिलांनी मला पाठवलं. पहिल्या दिवशी मी दारातच उभा राहिलो. काकूंच्या घरात मोठं देवघर, समई, सोवळ्याची साडी वाळत घातलेली. आपण आत कुठपर्यंत जायचं असतं ते मला कळेना. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ये रे. बस आधी. दमलायस. बाकीचं मग." आणि देवघराला लागून असलेल्या खुर्चीवर मला बसवलं. मी तीन महिने त्याच खुर्चीवर बसून वाचलं.

साहेब देव मानत नसत. काकूंच्या पूजेला ते 'तुमचं खातं' म्हणत. मला मात्र वाचायला त्यांनी शिकवलं. डोळ्यांवर पट्टी, मांडीवर हात, आणि दर चार ओळींनी टोकायचे, "आवाज चांगला आहे तुझा. पण वाक्याचा शेवटचा शब्द खाली टाकतोस. उचलून ठेव." माझं आज जे काही आहे ते त्या खुर्चीवरचं आहे. शेवटचा शब्द मात्र अजून पडतो.

तर त्या दुपारी मी डोळे मिटले आणि काकूंसारखं बोललो. संवादाच्या आधी दोन शब्द माझ्याकडचे घातले. "बस आधी. दमलायस. औषधं राहू दे आता. मी आहे." हरेशनं काचेपलीकडून अंगठा दाखवायच्याऐवजी हेडफोन काढून ठेवला आणि डोळे पुसले. दिग्दर्शक म्हणाला, एवढंच पाहिजे होतं. मला इतकं बरं वाटलं की औषधं राहू दे म्हणणाऱ्या देवाबद्दल मनात जे काही आलं होतं ते मी तिथंच सोडून दिलं. आलं होतं हे नक्की. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ते येणारच. पण वाक्य छान झालं होतं.

तेव्हा साहेबांच्या किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी उल्हासनगरला डायलिसिस. मुलगी लांब, परदेशात. मी चिखलोलीला राहायला गेलो होतो, तिथून अंबरनाथ जवळ, म्हणून त्या दोन वारी गाडीतून न्यायचं काम मी मागून घेतलं होतं. साहेबांना ते सगळं नकोसं झालं होतं. चार-चार तास ती सुई, नंतरचा तो थकवा. पुरे झालं, असं ते दर खेपेला म्हणायचे. आणि काकू दर खेपेला त्यांच्या पायात सपाता सरकवून त्यांना उठवायच्या. ते माणूस काकूंच्या हट्टावर जगत होतं, हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

ती मालिका दोघं मिळून बघत. काकू भक्तीनं, साहेब खोड्या काढायला. त्यांना गुरव फार आवडायचा. "एवढ्या सगळ्यांत हा एकटा शहाणा," म्हणायचे.

देव पहिल्यांदा बोलला तो भाग सोमवारी संध्याकाळी लागला. मंगळवारी सकाळी मी गेलो तर काकूंनी दार उघडलं, पण पिशवी भरलेली नव्हती. साहेब आत पडून होते. काकू जरा ओशाळून म्हणाल्या की आज राहू दे. मला वाटलं ताप आहे. तर म्हणाल्या, "ताप नाही रे. काल ऐकलंस का तू? त्यानं सांगितलं, औषधं राहू दे."

मी म्हणालो, "काकू, ती मालिका आहे."

"मला कळत नाही का ते? चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, एवढी भोळी राहीन का?" त्या हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पण मिलिंद, तो आवाज लिहून दिलेला नव्हता. कुणीतरी मनापासून बोललं. ओळखीचं वाटलं मला. ह्यांना मी रोज ओढत नेते, तर कुणीतरी मलाच म्हणालं की बस आता, दमलीस. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं."

त्यांना त्यांचाच आवाज ऐकू आला होता. तेवढंच सांगायचं होतं मला. 'काकू, तो मी. ते शब्द तुमचे. आणि औषधांचं वाक्य एका लेखकानं भाग वाढवायला लिहिलं.' तीन वाक्यं. दिवसाला दोन-दोनशे वाक्यं बोलणारा माणूस मी. तोंड उघडलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या हातून पुसलं जाऊ नये असं वाटलं, हे मी स्वतःला सांगत आलो. त्याच्याखाली दुसरंही होतं. आपण एवढं चांगलं बोललो याचं सुख होतं.

जिना उतरून गाडीत बसलो आणि वीस मिनिटं चावी फिरवली नाही.

बुधवारी फोन केला. काकू म्हणाल्या, शुक्रवारी येऊ नकोस, हेही शांत आहेत. आता मला भीती वाटली. दोन फेऱ्या चुकणं म्हणजे काय हे मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून शिकलो होतो. अंगात पाणी साठत जातं. साधा रस्ता होता. उठायचं, जायचं आणि सांगायचं. मी तसं केलं नाही. मी देवाला पाठवलं.

गुरुवारी देवाचं एकच वाक्य होतं, म्हणून दिग्दर्शक फोनवर नव्हता. "सावट जवळ आलंय. दिवा विझू देऊ नकोस." देव पडद्यावर दिसत नसल्यामुळे ओठ जुळवायचा प्रश्न नव्हता. गुरवाचा चेहरा चार सेकंद थांबलेला, त्या चार सेकंदांत बसेल ते चालणार. मी हरेशला म्हणालो, मी वेगळं बोलतो, तू तेच पाठव. त्यानं का म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. त्यानं हेडफोन कानाला लावला. म्हणाला, "भगवान का डायलॉग कोण चेक करतो? बोल."

वर मशिनी थांबल्या. मी बोललो, "ऊठ. वैद्याकडे जा. मी तिथंच आहे."

कुणीही हरकत घेतली नाही. एक तर भागांची घाई, आणि दिग्दर्शकाला वाटलं लेखकानं बदललं, लेखकाला वाटलं दिग्दर्शकानं. पुढे देवाच्या शब्दाखातर वैद्याला कथेत परत आणावं लागलं आणि त्या बिचाऱ्या नटाला आठवडाभर काम मिळालं. या धंद्यात मी केलेलं एकमेव समाजकार्य.

तो भाग सोमवारी लागला. मंगळवारी सकाळी मी न सांगता गेलो. काकू पिशवी घेऊन खाली फाटकाशी उभ्या होत्या. साहेबांना शेजारच्यांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं होतं. पाय सुजलेले, श्वास लागलेला. मधला शुक्रवार गेला होता.

दवाखान्यात काकू फाईल घेऊन खिडकीशी गेल्या. मी साहेबांची चाकाची खुर्ची ढकलत होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझा देव मत बदलतो वाटतं," ते म्हणाले.

ते थांबून थांबून बोलत होते. "दोन्ही वेळेला शेवटचा शब्द खाली टाकलास. 'आहे' म्हणताना. किती वेळा सांगितलंय."

मी खाली बसलो त्यांच्यासमोर, फरशीवर. विचारलं, "पहिल्याच दिवशी ओळखलंत?"

"पहिल्या शब्दाला."

"मग काकूंना का नाही सांगितलंत?"

ते हसल्यासारखे झाले. "मला थांबायचंच होतं रे. आयुष्यात पहिल्यांदा देवानं माझी बाजू घेतली, म्हणून गप्प बसलो." मग काकू येताना दिसल्या तसे घाईनं म्हणाले, "माझी तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. पण तिला तू सांग. ते मी सांगण्यातलं नाही. तिला नंतर गरज पडेल त्याची."

काकू आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "खाली काय बसलायस? ऊठ, पँट खराब होईल."

साहेबांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. छातीत पाणी झालं होतं. नऊ दिवसांनी घरी आले, पुन्हा गेले, आणि महिना भरायच्या आत संपले. मी डॉक्टरांना एकटा जाऊन भेटलो. त्या दोन फेऱ्यांमुळे का, असं विचारलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, वय होतं, त्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकणार नाही. मी विचारलं, त्यामुळे नाही झालं, असं म्हणू शकता का? त्यांनी चष्मा काढून पुसला.

हे लिहिताना एक गोष्ट लक्षात येते. तेरा वर्षं मी भुतं, चेटकिणी, सावटं बोललो. त्यानं कुणाचं वाईट झाल्याचं मला माहीत नाही, फार तर एखाद्या पोरानं अंथरूण ओलं केलं असेल. देव म्हणून मी जी मोजकी वाक्यं बोललो, त्यातल्या एकानं डायलिसिसचे दोन वार खाल्ले.

तेराव्यानंतर चार-सहा दिवसांनी मी गेलो होतो. काकू देवघरातली भांडी घासत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते दोन वार मी चुकवले. माझ्याच तोंडानं तुला नको म्हणाले."

मी म्हणालो, डॉक्टर म्हणतात तसं काही नाही.

"डॉक्टरांचं ठीक आहे. मी देवाला दोष देत नाही हो. त्यानं पुढच्या आठवड्यात नीट सांगितलंच की, जा म्हणून. पहिल्याचा अर्थ मीच मला हवा तसा लावला. दमले होते ना मी." त्यांनी निरांजन पालथं घालून ठेवलं. "तो कशाला चुकेल. मीच चुकले."

देवाला सोडून त्यांनी सगळं स्वतःच्या पदरात घेतलं, आणि तो देव त्यांच्यामागे दोन हात अंतरावर उभा राहून चहाची वाट बघत होता. तेव्हाही मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांच्याकडचा दोष माझ्याकडे आला असता, पण त्यांचा देवही गेला असता, असा हिशेब मी केला. साहेब असते तर म्हणाले असते, तिचं खातं तू कशाला बघतोस, तुझं बघ.

मालिका संपली. वाहिनीनं मग एका पौराणिक मालिकेसाठी विचारलं, बोलणारा देव, रोज. मी नाही म्हणालो, घसा बसलाय असं सांगितलं. हरेशनं या वेळी काही विचारलं नाही, फक्त दुसरं काम आणून दिलं. सध्या मी कार्टूनमध्ये एका गाढवाचा आवाज देतो. त्याचा शेवटचा शब्द पडला तर शोभून दिसतो.

मी देव मानत नाही. आईवडिलांनी जे दिलं ते मला पुरतं. पण त्या दुपारी डोळे मिटून मी जे बोललो ते खोटं नव्हतं, हेही मला म्हणावं लागतं. ती माया खरी होती, कारण ती काकूंची होती. खोटं होतं ते तिच्या शेपटाला बांधलेलं वाक्य, आणि माझी ती आठ दिवसांची गप्प बसण्याची सभ्यता.

अजून जातो मी अंबरनाथला, महिन्यातून दोनदा. औषधं आणून देतो, बिलं भरतो. दार उघडून त्या म्हणतात, "ये रे. बस आधी. बाकीचं मग." मी त्या खुर्चीवर बसतो. बाकीचं राहून जातं.

काकू तिथल्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. दिवाळीत अंक घरपोच येतात, आणि त्या भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. हाही येईल. संपादक म्हणालेत, अंक वसुबारसेच्या आधी बाहेर पडेल. माझ्याआधी तो त्यांच्या हातात पडला तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असं होईल, स्वतः जायच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.

तेव्हा त्याआधी मला तो जिना चढायचा आहे. खुर्चीवर न बसता, माझ्या रोजच्या आवाजात सांगायचं आहे: काकू, तो मी होतो. ते दोन वार तुमचे नाहीत, माझे आहेत. एवढं मी त्यांचं आणि साहेबांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.